लिस्बनचं घोडागाड्यांचं म्युझियम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिस्बनमध्ये राहायला आल्यापासून घरी जो पाहुणा येतो त्याला मी बेलेमला (लिस्बनचाच नदीकाठचा भाग) नेतेच, आणि बेलेमला गेलं की हे म्युझियम आलंच. मग व्हॉट्सअपवर त्यांच्या ओळखीतले, ओळखीच्या ओळखीतले असे लोक विचारत राहतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून सगळं एकदाच नीट लिहून ठेवतेय. माझे आजोबा मिरजेत टांगा चालवायचे, त्यामुळे काही ठिकाणी जरा जास्त लिहिलं गेलंय.

हे म्युझियम नक्की कशाचं आहे?

घोड्यांनी ओढायच्या गाड्यांचं. पोर्तुगीज भाषेत म्युझेउ नासिओनाल दुश कोशिश, म्हणजे राष्ट्रीय कोच संग्रहालय. सोळाव्या शतकाच्या शेवटापासून एकोणिसाव्या-विसाव्या शतकापर्यंतच्या गाड्या आहेत, राजाराणीच्या, राजदूतांच्या, बिशपांच्या, शिकारीच्या, टपालाच्या, लहान मुलांच्यासुद्धा. एका छताखाली एवढ्या जुन्या आणि एवढ्या भारी गाड्या जगात फार कमी ठिकाणी बघायला मिळतात. "कोच" हा शब्द मुळात हंगेरीतल्या कोच नावाच्या गावावरून आलाय, तिथे या प्रकारच्या गाड्या बनायच्या आणि तिथून नाव युरोपभर पसरलं. आपण क्रिकेटच्या कोचला कोच म्हणतो आणि रेल्वेच्या डब्यालाही कोच म्हणतो, त्या दोघांचंही मूळ हेच गाव.

कोणी सुरू केलं?

राणी अमेलियाने, २३ मे १९०५ ला. ती जन्माने फ्रेंच राजघराण्यातली, राजा कार्लोसची बायको. तेव्हा मोटारी यायला लागल्या होत्या आणि राजवाड्याच्या पागांमध्ये या अवजड गाड्या नुसत्या धूळ खात उभ्या होत्या. दुसऱ्या कुणी असत्या तर लाकडाच्या भावात गेल्या असत्या. तिने बेलेमच्या राजवाड्याला लागून असलेली जुनी घोडेस्वारीची शाळा रिकामी करून घेतली आणि तिथे गाड्या मांडल्या. मला ही बाई फार मोठी वाटते. नंतर तिच्या आयुष्यात जे घडलं ते याच म्युझियममधल्या एका गाडीशी जोडलेलं आहे, त्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय, ते सोडू नका.

दोन बिल्डिंगा आहेत म्हणतात, कुठल्या बघायच्या?

हो, आणि इथे खूप लोकांची गडबड होते. रस्त्याच्या एका बाजूला जुनी, म्हणजे वर सांगितलेली घोडेस्वारीची शाळा, आणि पलीकडे नवीन पांढरी भली मोठी इमारत जी २३ मे २०१५ ला उघडली, बरोबर ११० वर्षांनी. नवीन इमारत पाउलो मेंडेस दा रोशा या ब्राझिलियन आर्किटेक्टने डिझाइन केलीय, त्याला २००६ साली प्रित्झकर, म्हणजे आर्किटेक्चरमधलं सगळ्यात मानाचं बक्षीस, मिळालं होतं. सगळी इमारत खांबांवर उचललेली आहे, खालून माणसं आरपार चालत जातात, आणि आत जायला लिफ्टने वर जावं लागतं. महत्त्वाच्या बहुतेक गाड्या नवीन इमारतीत आहेत, त्यामुळे वेळ कमी असेल तर तीच.

पण जमलं तर जुनीही बघाच. अठराव्या शतकाच्या शेवटी बांधलेली, साधारण ५० मीटर लांब आणि १७ मीटर रुंद अशी एकच मोठी दिवाणखान्यासारखी जागा, वर छतावर चित्रं, दोन्ही बाजूंना गॅलऱ्या जिथे बसून राजघराण्यातले लोक घोडेस्वारी बघायचे. तिथे गाडी बघितली की ती घरात असल्यासारखी वाटते. नवीन इमारतीत तीच गाडी दवाखान्यात तपासायला ठेवल्यासारखी दिसते, पांढऱ्या भिंती, पांढरा उजेड, पण त्याचा एक फार मोठा फायदा आहे, की गाडीच्या चारी बाजूंनी फिरता येतं आणि खालून बघता येतं. माझ्यासाठी तो फायदा जास्त मोठा आहे. दोन्ही इमारतींचं तिकीट एकत्रही मिळतं, घेताना काउंटरवर विचारा.

कधी उघडं असतं? तिकीट?

सोमवारी बंद. हे मी तीनदा लिहायला तयार आहे कारण लिस्बनची बरीच म्युझियमं सोमवारी बंद असतात आणि आपल्याकडचे टूरवाले नेमका सोमवार मोकळा ठेवतात. बाकी दिवशी साधारण सकाळी १० ते संध्याकाळी ६. १ जानेवारी, ईस्टरचा रविवार, १ मे, १३ जून (लिस्बनच्या संत अँथनीचा सण) आणि नाताळ या दिवशीही बंद. तिकिटाचे दर बदलत असतात म्हणून मी आकडा लिहीत नाही, निघायच्या आदल्या दिवशी म्युझियमच्या साइटवर दर आणि वेळ दोन्ही बघून घ्या, एखादी इमारत कामासाठी बंद असेल तर तेही तिथेच कळतं.

तिथे जायचं कसं?

सगळ्यात सोपं म्हणजे काइश दु सोद्रे स्टेशनवरून काश्काइशच्या लाइनची लोकल पकडायची आणि बेलेमला उतरायचं, दहा मिनिटांच्या आत पोचता आणि स्टेशनवरून म्युझियम अगदी जवळ. फक्त स्लो गाडीच पकडा, फास्ट गाड्या बेलेमला थांबत नाहीत, हे मुंबईकरांना वेगळं समजवायला नको. दुसरा मार्ग म्हणजे १५ई ट्राम, तीही बरी आहे पण टुरिस्टांनी खच्चून भरलेली असते आणि पाकीटमार असतात, त्यामुळे पासपोर्ट आणि पैसे पुढच्या खिशात.

नवीन म्युझियम ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव आव्हेनिदा दा इंदिया, म्हणजे इंडिया अव्हेन्यू. आणि म्युझियमला लागून जो बगिचा आहे त्याच्या मधोमध उंच खांबावर एक पुतळा दिसतो तो अफोन्सो द आल्बुकेर्कचा, ज्याने १५१० साली गोवा घेतला. आपल्या हापूसचं नाव याच अफोन्सोवरून पडलं असं मानतात. म्हणजे म्युझियमच्या दारात पोचायच्या आधीच तुम्हाला इंडिया आणि हापूस दोन्ही भेटतात. तिथे दोन मिनिटं थांबा, कारण आत जे दिसणार आहे त्याचा आपल्याशी काय संबंध हा प्रश्न इथेच सुटायला लागतो.

आपला काय संबंध खरंच? राजेराजवाड्यांच्या गाड्या बघून आपण काय करायचं?

हा प्रश्न मला माझ्या मामेभावाने विचारला होता आणि त्याला तिथेच, गाडीसमोर उभं करून उत्तर दिलं.

म्युझियममधल्या सगळ्यात प्रसिद्ध तीन गाड्या आहेत त्या १७१६ सालच्या. पोर्तुगालचा राजा दों जुआंव पाचवा, याने मार्किस ऑफ फोंतेस नावाच्या सरदाराला राजदूत म्हणून रोमला पोप क्लेमेंट अकरावा यांच्याकडे पाठवलं. ब्राझीलमध्ये सोन्याच्या खाणी सापडल्या होत्या, पैशाला कमी नव्हती, राजाला अख्ख्या युरोपला दाखवायचं होतं की आम्ही कोण आहोत. त्या मिरवणुकीत पंधरा गाड्या होत्या, त्यातल्या पाच खास, अंगभर कोरीवकाम केलेल्या. आज तीन उरल्यात आणि तिन्ही इथे आहेत. राजाची एक मोठी मागणी होती की लिस्बनला पॅट्रिआर्कचा (बिशपांच्याही वरच्या धर्मगुरूचा) मान मिळावा, आणि तो त्याच वर्षी मिळाला.

आता १७१६ म्हणजे आपल्याकडे काय चाललं होतं? साताऱ्याला शाहू महाराज, बाळाजी विश्वनाथ पेशवे. गोवा, दमण, दीव आणि वसई पोर्तुगीजांकडे. ही वसई चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये घेतली ती याच जुआंव पाचव्याच्या राज्यात. वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठे घेऊन आले आणि आज त्या आपल्या देवळांत आहेत, वाईजवळ मेणवलीला घाटावर मी स्वतः बघितलीय. मेणवलीची ती घंटा आणि लिस्बनची ही गाडी एकाच राजाच्या काळाच्या दोन टोकांना आहेत, हे डोक्यात आलं त्या दिवसापासून मला ही गाडी परक्याची वाटत नाही.

त्या तीनपैकी एका गाडीच्या मागच्या बाजूला लिस्बन नगरीला देवीसारखं बसवलंय, तिला मुकुट घालतायत, आणि तिच्या पायाशी एक पंखवाला ड्रॅगन आहे, तो म्हणजे राजघराण्याचं चिन्ह, आणि त्याच्या बाजूला दोन बांधलेले कैदी. एक आफ्रिका, एक आशिया. तो आशिया म्हणजे आपण. ते बघून मला राग येतो, अजूनही येतो, दर वेळी येतो, आणि मी पाहुण्यांना ते मुद्दाम दाखवते. कोरीवकाम इतकं सुंदर आहे की नजर हटत नाही आणि काय कोरलंय ते कळलं की पोटात खड्डा पडतो. दोन्ही एकाच वेळी होतं, होऊ द्या.

या गाड्या खऱ्या सोन्याच्या आहेत का?

नाही, लाकूड आहे. लाकडावर कोरीवकाम आणि त्यावर सोन्याचा वर्ख. आपल्याकडे देव्हाऱ्याला किंवा मूर्तीला वर्ख लावतात तोच प्रकार. आत मखमल, जरीचं भरतकाम. काही ठिकाणी वर्ख विरलाय आणि खालचं लाकूड दिसतं, तिथे जरूर बघा, सुताराच्या हाताचा अंदाज तिथेच येतो.

सगळ्यात जुनी गाडी कुठली?

फेलिपे दुसऱ्याची, म्हणजे स्पेनचा फेलिपे तिसरा, कारण तेव्हा साठ वर्षं (१५८० ते १६४०) स्पेन आणि पोर्तुगालचा राजा एकच होता आणि नंबर वेगवेगळे पडतात. हा राजा १६१९ मध्ये माद्रिदहून पोर्तुगालला आला तेव्हा या गाडीतून आला. बाहेरून नुसतं काळं चामडं, अगदी साधी, आणि आत लाल-सोनेरी नक्षीचं कापड. लोक हिच्यापुढून फोटो न काढता पुढे जातात कारण पुढच्या सोनेरी गाड्या दिसत असतात. जाऊ नका. १६१९ म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या अकरा वर्षं आधी, आणि ती गाडी तुमच्यासमोर चार चाकांवर उभी आहे. त्या काळातल्या घोडागाड्या जगातच फार थोड्या उरल्यात.

"खालून बघा" असं तुम्ही सगळ्यांना का सांगता?

कारण गाडीची खरी अक्कल खाली असते. वरचं कोरीवकाम शिल्पकाराचं, खालची गाडी गाडीवाल्यांची.

माझे बाबा इथे आले होते तेव्हा त्यांनी वरचं सोनं बिनं काही बघितलं नाही, गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि आस बघायला लागले. मग मला म्हणाले, ह्याला पाटे कुठायत? आणि खरंच, जुन्या गाड्यांना पाटे किंवा कमानी, म्हणजे स्प्रिंगा, नाहीतच. गाडीचा जो बसायचा डबा असतो तो चारी कोपऱ्यांना जाड चामड्याच्या पट्ट्यांनी टांगलेला असतो. अक्षरशः टांगलेला, आपल्याकडे ओटीवर झोपाळा कड्यांना टांगतात तसा. खाली चाकं आणि सांगाडा एक, वर डबा वेगळा, मधे फक्त चामडं. रस्त्याचा दणका चाकाला बसला की डबा हलतो पण आदळत नाही. बाबा त्या पट्ट्यांच्या बकलांकडे बराच वेळ बघत होते, चामडं सैल पडलं की ताणायला ती बकलं. टांग्याचा सरंजाम रोज संध्याकाळी आजोबा तेल लावून पुसायचे, ते त्यांना आठवत असणार, बोलले काही नाहीत.

त्यानंतर बर्लिन नावाचा प्रकार आला, बर्लिन शहरावरून नाव. जुन्या कोचला खाली मधोमध एकच दांडा, हिला दोन, आणि डबा दोन लांब पट्ट्यांवर बसवलेला. एक पट्टा तुटला तरी डबा खाली पडत नाही, म्हणून हळूहळू लोक हिच्याकडे वळले. म्हणजे सेफ्टी फीचरच म्हणा. मग पोलादी कमानी आल्या, आधी इंग्रजी सी अक्षरासारख्या, आणि एकोणिसाव्या शतकात लंबगोल पाट्यांच्या, त्या आल्यावर गाड्या एकदम हलक्या झाल्या आणि आपल्या मुंबईच्या व्हिक्टोरियासारख्या दिसायला लागल्या. हे सगळं एकाच रांगेत चालत चालत दिसतं, शंभर-शंभर वर्षांचा फरक वीस पावलांत.

चाकंही बघा. पुढची लहान आणि मागची मोठी असतात, कारण वळताना पुढचं चाक डब्याच्या खाली फिरायला जागा लागते. लाकडी तुंबा (चाकाचा मधला गोल ठोकळा), त्यात आरे, बाहेरून लोखंडी धाव. जुन्या पद्धतीत धाव अखंड नसायची, लोखंडाचे तुकडे खिळ्यांनी ठोकलेले असायचे, नंतर अखंड कडं तापवून चाकावर चढवायचं आणि पाणी ओतायचं, की ते आवळून बसतं, आपले लोहार बैलगाडीला करतात तसंच. कुठल्या चाकाला खिळ्यांची डोकी आहेत आणि कुठलं गुळगुळीत आहे हे बघत जा, मुलांना बरोबर नेलं तर हा खेळ त्यांना फार आवडतो.

आत बसता येतं का? हात लावता येतो?

नाही. चारशे वर्षांचं चामडं आणि कापड आहे, हात लावून चालणारच नाही. बाबा वाकून बघत होते तेव्हा एक गार्ड जवळ आला, बाबांनी हाताने खुणा करून तुंबा, आस, घोडा असं काहीतरी सांगितलं, मग त्याने आम्हाला पलीकडच्या बाजूला नेलं जिथून उजेड बरोबर पडतो. फोटो काढता येतात, फ्लॅश मात्र बंद ठेवा.

यात बसून गाडी लागायची का?

मला हा प्रश्न एका आठ वर्षांच्या मुलीने विचारला आणि फार आवडला. तर हो. झोपाळ्यासारखा डबा म्हटल्यावर तो पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे डुलणारच, त्यात रस्ते दगडाचे नाहीतर चिखलाचे, पडदे लावलेले, आत अत्तराचा वास. म्हणून लांबच्या प्रवासाला बरेच लोक लितैरा वापरायचे, तीही इथे आहे. चाकंच नाहीत, एक खोका, त्याला लांब दांडे, पुढे एक खेचर आणि मागे एक खेचर. आपला मेणाच, फक्त भोयांच्या जागी खेचरं. आणि शहरात फिरायला माणसांनी उचलायच्या खुर्च्या, त्याही ठेवल्यात. या भागात आपल्या लोकांचे पाय आपोआप थांबतात, कारण पालखी आणि मेणा आपल्याला कुणी समजवून सांगायला लागत नाही.

घोडे आहेत का तिथे?

म्युझियममध्ये नाहीत. मुलं निराश होतात, म्हणून आधीच सांगून ठेवा. पण तिथून चालत जायच्या अंतरावर, पोर्तुगीज घोडेस्वारी शाळेचा पिकादेरो, म्हणजे घोडेस्वारीचा हॉल, आहे, तिथे लुसितानो जातीचे घोडे असतात आणि ठरलेल्या दिवशी सराव किंवा शो बघता येतो. हे घोडे ज्या आल्तेर दु शाउंच्या पागेतून येतात ती पागा १७४८ मध्ये परत त्याच जुआंव पाचव्याने सुरू केलेली. या मोठ्या गाड्यांना सहा-सहा, आठ-आठ घोडे जुंपायचे. आधी म्युझियममध्ये गाड्या बघायच्या आणि मग तिकडे जिवंत घोडा बघायचा, म्हणजे त्या गाडीचं वजन ओढणं काय असेल हे कळतं.

गोळ्यांच्या खुणा असलेली गाडी कुठली?

तिला लँडो म्हणतात, दोन्ही बाजूंनी टप दुमडून उघडी करता येते अशी गाडी. अगदी साधी, काळी, सोनं नाही काही नाही. खाली वाचून मगच तिच्याकडे जा.

१ फेब्रुवारी १९०८. राजा कार्लोस, राणी अमेलिया आणि मोठा मुलगा लुईस फिलिप (वय वीस) व्हिला व्हिसोझा गावच्या वाड्यावरून परत येत होते, धाकटा मानुएल (वय अठरा) आधीच लिस्बनला परतला होता. नदी बोटीने ओलांडली, लिस्बनच्या तेरेरो दु पासो चौकात उतरले, तिथे मानुएल भेटला आणि सगळे उघड्या लँडोत बसून निघाले. देशात राजेशाहीविरुद्ध वातावरण तापलेलं होतं, अटकसत्र चालू होतं, तरी गाडी उघडीच. चौकातच बंदुका चालल्या. राजा जागच्या जागी गेला. राणी उभी राहिली आणि हातात जो फुलांचा गुच्छ होता त्याने तिने पायदानावर चढलेल्या हल्लेखोराला मारलं. फुलांनी. मोठा मुलगा काही मिनिटांत गेला, धाकट्याच्या हाताला गोळी लागली, तो वाचला आणि राजा झाला, पण ५ ऑक्टोबर १९१० ला प्रजासत्ताक आलं आणि तो, राणी, सगळे देश सोडून गेले.

म्हणजे १९०५ मध्ये जिने गाड्यांचं म्युझियम काढलं, तिचा नवरा आणि मुलगा तीन वर्षांनी ज्या गाडीत तिच्या डोळ्यांसमोर मेले ती गाडी आज त्याच म्युझियममध्ये आहे. गोळ्यांची भोकं दिसतात, लाकडात, करंगळी जाईल एवढी. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला माहीत नव्हतं, मी आपली सोनेरी गाड्या बघून दमून या साध्या गाडीपाशी येऊन टेकले आणि बोर्ड वाचला. तेव्हापासून मी पाहुण्यांना इथे बोलत नाही, नुसतं दाखवते.

आणि परत आपला धागा: १८९५ मध्ये गोव्यात सत्तरी भागात राणे घराण्याचं बंड झालं तेव्हा ते मोडायला लिस्बनहून जो राजपुत्र पाठवला, अफोन्सो, तो या कार्लोस राजाचा सख्खा भाऊ. गोव्याचे पाहुणे असले की मी हे सांगतेच आणि मग तिथे उभ्या उभ्या अर्धा तास गप्पा होतात.

राजे सोडून साध्या लोकांचं काही आहे का?

थोडं आहे, मालापोस्ता म्हणजे टपालाची घोडागाडी. टपालाबरोबर उतारूही न्यायची. पोर्तुगालची पहिली रेल्वे १८५६ ची, आपली बोरीबंदर-ठाणे १८५३ ची, म्हणजे आपण तीन वर्षं पुढे, आणि रेल्वे पसरली तशा या गाड्या गेल्या. मला अजून आवडलं असतं जर मोतद्दार, चाबूकवाले, नालबंद यांच्याबद्दल जास्त मांडलं असतं. कपडे, खोगीरं, लगाम, तुताऱ्या आहेत, पण ती वापरणारी माणसं कोण होती हे फारसं कळत नाही. राजाचं नाव प्रत्येक बोर्डावर आहे, घोडा हाकणाऱ्याचं एकाही नाही. मिरजेच्या टांगा स्टँडवरच्या लोकांचीही नावं कुठे लिहिलेली नाहीत, म्हणून हे मला लागतं.

मुंबईच्या व्हिक्टोरिया बंद करायचा हायकोर्टाचा निकाल जून २०१५ चा, हे म्युझियम नवीन जागेत आलं त्याच्या पंधरा-सोळा दिवसांनंतरचा. घोड्यांचे हाल होत होते, ते थांबायलाच हवे होते. पण त्या गाड्यांपैकी चार-दोन चांगल्या स्थितीतल्या नीट जपून, माहिती लिहून, चालवणाऱ्यांच्या नावासकट कुठेतरी मांडल्या पाहिजेत असं मला मनापासून वाटतं.

या गाड्या परत कधी रस्त्यावर आल्या का?

हो, इंग्लंडची राणी एलिझाबेथ १९५७ साली लिस्बनला आली तेव्हा तिच्या मिरवणुकीसाठी एकोणिसाव्या शतकातली राजमुकुटाची गाडी बाहेर काढली होती. तीही इथेच आहे.

किती वेळ लागतो? म्हाताऱ्या माणसांना जमेल का?

घाईत एक तास, नीट बघायला दोन. नवीन इमारतीत लिफ्ट आहे, जमीन सपाट, व्हीलचेअर आरामात फिरते, आणि गर्दी शेजारच्या जेरोनिमोसच्या मठाच्या मानाने काहीच नसते. उन्हाळ्यात बेलेमला डोक्यावर ऊन असतं, तेव्हा दुपारची वेळ म्युझियमला ठेवा आणि नदीकाठ संध्याकाळी. बोर्ड पोर्तुगीज आणि इंग्रजीत आहेत.

बाजूला खायला काय? शाकाहारी?

बेलेमचे प्रसिद्ध पास्तेल (छोटे कस्टर्ड टार्ट), १८३७ पासूनचं दुकान, चालत पाच-सात मिनिटं. पण आत कस्टर्ड अंड्याच्या पिवळ्या बलकाचं असतं, त्यामुळे अंडं न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, माझ्या सासूबाईंना आयत्या वेळी सांगावं लागलं होतं आणि त्यांना वाईट वाटलं. घरून धपाटे किंवा ठेपले नेले असतील तर अल्बुकेर्कच्या बागेत बाकावर बसून खा, सावली छान असते.

व्हिला व्हिसोझालाही गाड्या आहेत म्हणे?

आहेत, तिथल्या ड्यूकच्या वाड्याच्या पागेत याच संग्रहातल्या काही ठेवल्यात. लिस्बनपासून लांब आहे, गाडी भाड्याने घेऊन अलेंतेजो भागात फिरणार असाल तरच. फेब्रुवारी १९०८ च्या त्या दिवशी राजाराणी जिथून निघाले तेच हे गाव.

फक्त वीस मिनिटं आहेत, एकच गाडी बघायची तर?

महासागरांची गाडी, १७१६ च्या तिघींपैकी. पुढून नाही, मागच्या बाजूला जा. वर अपोलो आहे, त्याला सोडा. खाली बघा, दोन दाढीवाले म्हातारे बसलेत आणि एकमेकांचा हात हातात घेतलाय. एक अटलांटिक महासागर आणि दुसरा हिंदी महासागर. आफ्रिकेला वळसा घालून दोन समुद्र जोडले, तो रस्ता आम्ही शोधला, असं राजाला पोपला सांगायचं होतं. त्यातला एक म्हातारा म्हणजे आपला समुद्र, रत्नागिरीचा, वसईचा, पणजीचा. दोघांचे हात जिथे जुळतात तिथे वर्ख अजून छान चमकतो. डाव्या बाजूने थोडं खाली वाकून बघितलं की दोघांची बोटं स्पष्ट दिसतात.